आधी ऐकायचं, मग उघडायचं

सकाळी साडेआठ

शटर वर केलं की मी आधी वास घेतो. रात्रभर बंद दुकानात चिकटवायचं सोल्यूशन वाळत असतं. ते पक्कं झालंय की अजून कच्चं आहे, हे बोटाच्या आधी नाकाला कळतं. पुण्यात बुधवार पेठेत, तपकीर गल्लीपासून दोन पावलांवर माझं स्पीकर दुरुस्तीचं दुकान आहे. खाली टेबल आणि काउंटर, वर माळा. श्रावण लागला की माळा मंडळांच्या १५ इंची स्पीकरांनी भरतो, कारण गणपतीच्या आधी सगळ्यांना कॉइल भरून हवी असते. घरातले स्पीकर या दिवसांत कमी येतात. आज मात्र एक जोडी येणार आहे. ती दुरुस्त करायची की काढून टाकायची, ते संध्याकाळपर्यंत सांगतो असा शब्द मी फोनवर दिलाय.

त्याआधी कालचं काम. १५ इंची स्पीकर, नवी कॉइल, नवा कोन (पुढचा कागदी पडदा), रात्री चिकटवून ठेवलेला. व्हॉइस कॉइल म्हणजे कागदाच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या नळीवर गुंडाळलेली तार. ती मॅग्नेटच्या गोल फटीत कुठेही न टेकता हलायला हवी. बाजूला मोकळी जागा किती, तर साधे तीन-चार कागद एकावर एक ठेवल्यावर होईल तेवढी. कॉइल बरोबर मधोमध बसली तर स्पीकर वर्षानुवर्षं वाजतो. केसभर कलली तर पहिल्याच दिवशी घासायला लागते. म्हणून कोन चिकटवताना कॉइल आणि मधला लोखंडी खांब यांच्यामध्ये जुन्या एक्स-रे फिल्मच्या पट्ट्या चारी बाजूंनी खोचून ठेवतो. फिल्मची जाडी सगळीकडे सारखी असते, त्यामुळे कॉइलला मधे राहण्यावाचून गत्यंतर नसतं. सोल्यूशन वाळलं की पट्ट्या काढायच्या.

"मामा, पट्ट्या काढू?" भाचा विचारतो. आयटीआय करून तो माझ्याकडे शिकायला आलाय.

"काढ. पण सरळ वर ओढ, तिरकी नको."

पट्ट्या निघाल्या की दोन्ही हातांची बोटं कोनवर गोलाकार ठेवून तो हलकेच खाली दाबायचा आणि सोडायचा. आवाज यायला नको. भाच्यानं दाबलं, मी कान जवळ नेला. काही नाही. मग मधली डस्ट कॅप चिकटवायची परवानगी दिली. हे बोटांनी कोन दाबणं मी त्याला पहिल्या दिवसापासून शिकवतोय, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर उभे असतात.

पावणेदहा

ताई रिक्षातून उतरल्या. मागच्या सीटवर दोन उंच खोकी, चादरीत गुंडाळलेली. त्या सदाशिव पेठेत गाणं शिकवतात. ही जोडी त्यांच्या दिरांनी ऐंशीच्या दशकात कुवेतहून आणली. त्या काळी आखातातून आलेला माणूस टू-इन-वन किंवा अख्खी म्युझिक सिस्टीम घेऊनच यायचा. कोकणात आणि पुण्या-मुंबईत अशा जोड्या अजून घराघरांत आहेत. जपानी बनावट, थ्री-वे, खाली १० इंची वूफर, वर मिडरेंज आणि ट्वीटर. जाळीच्या कापडावर धूळ, पण कुठे फाटलेलं नाही.

"काय होतंय नेमकं?"

"अहो, डाव्या बाजूचा तंबोरा घरघरतो. आणि गाणाऱ्या बाईंचा आवाज त्या बाजूनं झाकल्यासारखा येतो. मुलगा म्हणतो टाकून दे आणि साउंडबार घे. मी म्हटलं, आधी दाखवून तरी बघू."

"घरी डावी-उजवी वायर बदलून बघितलीत?"

"बघितली. घरघर त्याच खोक्यात राहिली."

हे त्यांनी फार चांगलं केलं. वायर बदलल्यावर दोष दुसऱ्या बाजूला गेला असता, तर तो अ‍ॅम्प्लिफायरमध्ये किंवा वायरीत असता आणि स्पीकरला हात लावायचं कारण नव्हतं. दुरुस्तीला येणाऱ्या स्पीकरांपैकी काही पूर्णपणे निरोगी असतात. गंजलेला सेलेक्टर स्विच नाहीतर सैल झालेली वायर असते आणि दोष लागतो स्पीकरला. ताईंनी दोन्ही खोकी आणली हेही बरं केलं. ते का, ते पुढे येईलच.

सव्वादहा

मी लगेच स्क्रू ड्रायव्हर उचलत नाही. आधी ऐकतो. टेबलावरचा अ‍ॅम्प माझ्या ओळखीचा आहे. त्याचा आवाज कसा असतो ते मला पाठ आहे, त्यामुळे जे वेगळं ऐकू येईल ते स्पीकरचं. ताईंच्या पेन ड्राइव्हवर त्यांच्या रियाजाचा तंबोरा होता, काळी चारच्या पट्टीतला. तोच लावला.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुस्तकी टेस्ट टोनपेक्षा माझा तंबोऱ्यावर जास्त विश्वास आहे. तंबोऱ्याच्या स्वरात मुळातच एक झणकार असतो. घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी काढलेली असते, त्यामुळे तार घोडीला हलकेच स्पर्श करत राहते आणि वरच्या स्वरांचा झगमगाट होतो. घासणाऱ्या कॉइलची घरघरही तशाच जातीची. पण जवारी तारेबरोबर उमलते आणि तारेबरोबर विरते. कॉइलची घरघर मात्र कोन जास्त हलला की येते, कमी हलला की अचानक थांबते. ज्याच्या कानाला हा फरक कळतो त्याला अर्धं निदान तिथेच होतं.

डावं खोकं ऐकलं. जोडाच्या तारा स्वच्छ. पंचम स्वच्छ. सर्वांत खालच्या षड्जाची तार, म्हणजे खर्ज, वाजला की घर्र. पुन्हा जोड स्वच्छ, पुन्हा खर्जाला घर्र. काळी चारचा खर्ज साधारण १०४ हर्ट्झचा, म्हणजे सगळा भार वूफरवर. खर्जाला कोन सर्वांत जास्त हलतो, म्हणून तिथेच घासतं. वर, ट्वीटरच्या जागी कान नेला तर जवळजवळ काहीच नाही. सूंसूंसुद्धा नावापुरती.

उजवं खोकं ऐकलं. ट्वीटर जिवंत. खर्जाला घरघर नाही, पण आवाज मोठा केला की बास सैल, फडफडता. म्हणजे तिथेही काहीतरी सुटायला लागलंय.

ताईंना म्हटलं, "उघडून बघतो. वूफरच्या कडेचा फोम गेला असेल तर तो पूर्ण काढल्याशिवाय आतलं कळणार नाही, आणि काढलेला फोम परत बसत नाही. चालेल?"

"काढा. संध्याकाळी क्लास संपवून येते. जे असेल ते खरं सांगा म्हणजे झालं."

साडेअकरा

मंडळांची कामं भाच्याकडे सोपवली आणि जोडी आडवी घेतली. वूफरचे आठ स्क्रू एकदम काढायचे नाहीत. समोरासमोरचे सैल करत जायचं, नाहीतर जड मॅग्नेटमुळे फ्रेम एका बाजूला लटकते आणि भुशाच्या लाकडातली भोकं फाटतात.

फोम बघितल्यावर ताईंचं अर्धं दुखणं समोर आलं. कोनची बाहेरची कड आणि लोखंडी फ्रेम यांना जोडणारी ती वर्तुळाकार पट्टी पॉलियुरेथेनच्या फोमची असते. नवीन असताना ती मऊ आणि लवचिक. पण हवेतली वाफ तिची रासायनिक साखळी हळूहळू तोडत जाते, ऊन लागलं तर ते काम आणखी लवकर होतं. स्पीकर वाजवा किंवा चादर घालून ठेवा, बहुतेक फोम दहा-वीस वर्षांत जातो, एखादाच या जोडीसारखा जास्त तग धरतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात त्याआधीही जातो. बोट लावलं तर खारी बिस्किटासारखा चुरा हातात आला, आणि मागे काळा चिकट थर राहिला. बरेच लोक हे बघून स्पीकर फुटला असं समजतात आणि भंगारात देतात. फुटलेला काही नसतो. फोम हा झिजून जाणारा भाग आहे. तो बदलायचाच असतो.

खरा प्रश्न कॉइलचा होता. मीटर लावला. डावा वूफर ६.१ ओहम, उजवा ६.२. ज्या स्पीकरवर ८ ओहम लिहिलेलं असतं त्याच्या कॉइलचा डीसी आकडा साडेपाच ते सातच्या दरम्यान येतो, तेव्हा हे दोन्ही आकडे उत्तम. कॉइल तुटलेली नाही आणि अर्धवट जळून तिच्यात शॉर्टही नाही. नाक मॅग्नेटच्या मागच्या भोकाशी नेलं. जळालेल्या वार्निशचा वास एकदा नाकात बसला की विसरत नाही. तो वास नव्हता.

मग घासतंय कशामुळे? याची दोन उत्तरं असू शकतात आणि दोन्हींचा खर्च फार वेगळा. एक, कॉइलची नळी उष्णतेनं वाकली असेल. तसं असेल तर नवीन कॉइल भरावी लागेल, आणि ४० वर्षांपूर्वीच्या जपानी स्पीकरची तंतोतंत कॉइल मिळत नाही. जवळपासची बसवली की तो स्पीकर वाजतो, पण उजव्याशी जोड तुटते. दोन, कॉइल सरळच असेल आणि तिला दुसरंच कुणी ओढत असेल.

नीट बघितलं. डाव्या वूफरचा फोम खालच्या अर्ध्या भागात पूर्ण सुटलेला आणि वरच्या अर्ध्या भागात अजून चिकटलेला. म्हणजे कोनला वरून धरून ठेवलंय, खालून काही आधार नाही.

तेव्हा फोम काढायला घेतला. हे काम घाईचं नाही. कापडाच्या बोळ्यावर थोडं थिनर घेऊन जुनं सोल्यूशन ओलं करायचं, मग बोथट पातं जवळजवळ आडवं धरून एकेक इंच सरकवत न्यायचं. थिनर कागदी कोनमध्ये मुरू द्यायचं नाही. पातं उभं धरलं तर कागदाचा पापुद्रा निघतो आणि कोनचं वजन व ताकद दोन्ही जातात. काळा थर निघत गेला, खाली करडा कागद दिसायला लागला, कुठेही चीर नाही. वरचा शेवटचा तुकडा सुटला तसा कोन अगदी किंचित, डोळ्यानं दिसेल न दिसेल एवढा, जागेवर आला. आता तो मागच्या स्पायडरवर एकटा उभा होता. स्पायडर म्हणजे कोनच्या मागे बसवलेली ती पन्हाळीदार कापडी चकती. कॉइलला मधोमध ठेवण्याचं खरं काम तिचं.

"ये इकडे," भाच्याला हाक मारली. "बोटं ठेव. दाब."

त्यानं दाबलं. सोडलं. पुन्हा दाबलं. मान हलवली. "मामा, काहीच घासत नाही."

मीही दाबून बघितलं. खोलवर, हळू, चारी बाजूंनी सारखं. कोन गुळगुळीत वर-खाली झाला. मग मागून वायर जोडून अगदी कमी आवाजात ३० हर्ट्झचा स्वर सोडला. कोन डोळ्यांना दिसेल असा हलत होता आणि आवाज नव्हता. कॉइल शाबूत.

दुपारी एक

जेवायला बसण्याआधी ट्वीटर बघायचा होता, आणि मला वाटलं त्यापेक्षा तो लवकर उलगडला. ट्वीटरची कॉइल मीटरवर नीट दाखवत होती. आवाज जवळजवळ नाही, पण कॉइल आहे, म्हणजे वाट अडलीये. ती वाट कंडेन्सरची. ट्वीटरपर्यंत बासचा दणका जाऊ नये म्हणून त्याच्या आधी एक कंडेन्सर असतो. तो फक्त वरचे स्वर सोडतो. इथे त्यावर ३.३ मायक्रोफॅरड छापलेलं. ८ ओहमच्या ट्वीटरला ही किंमत साधारण ६००० हर्ट्झपासून वरचं सोडते. एक पाय सोल्डरमधून सोडवून मीटरवर घेतला, तर ०.९. त्या हिशेबानं त्याची वाट २२००० हर्ट्झच्या आसपास उघडते, आणि माणसाच्या कानाची मर्यादा २०००० हर्ट्झवर संपते. ट्वीटर काम करायला तयार होता, त्याच्यापर्यंत फारसं काही पोचतच नव्हतं. आत द्रव असलेले हे नॉन-पोलर कंडेन्सर वयानं सुकतात. उजव्या बाजूचा मोजला तर तोही उतरलेला, पण कमी.

खोक्याचा तळ बघितला. भुशाचं लाकूड खालच्या कडेला फुगलेलं. फरशी पुसताना ओलं फडकं वर्षानुवर्षं तळाला लागत राहिलं की हे होतं. बोटानं दाबून बघितलं: फुगवटा वरवरचा, सांधा अजून घट्ट. तळ पार भुसभुशीत झाला असता तर मी तिथेच थांबलो असतो, कारण खोकं हा स्पीकरचा अर्धा भाग आहे. बंद खोक्यातली हवा वूफरमागे स्प्रिंगचं काम करते. सांधा गळका असला की कितीही चांगला वूफर बसवा, बास हरवतो.

मग डबा उघडला. भाकरी, वांग्याची भाजी.

दुपारी दोन

तपकीर गल्लीत कंडेन्सर बघायला. मला प्लास्टिक फिल्मचे हवे होते. त्यांच्यात सुकण्यासारखं काही नसतं. दुकानदारानं त्याच किमतीचे, पण पुन्हा नॉन-पोलर इलेक्ट्रोलिटिक पुढे केले. ते नको म्हटलं. ३.३चे चार फिल्म कंडेन्सर घेतले आणि तिथेच त्याच्या मीटरवर मोजून त्यांतली एकमेकांशी जुळणारी जोडी बाजूला ठेवली. फिल्म कंडेन्सरनं ट्वीटर जुन्यापेक्षा किंचित उजळ वाजतो. ताईंच्या कानाला ते खुपलं तर पुढे छोटा रेझिस्टर घालता येईल, म्हणून तोही घेतला.

फोमच्या रिंगचं मोजमाप सकाळीच घेतलं होतं. नुसतं "१० इंची द्या" म्हणून चालत नाही. फ्रेमचा आतला व्यास, कोनच्या कडेचा व्यास, आणि फोमच्या गोलाईचा माथा कुठे येतो, हे सगळं जुळावं लागतं. दुकानदार म्हणाला, "रबराची घ्या ना, जन्मभर जात नाही." रबर टिकतं हे खरं. पण ते जड असतं. कोनबरोबर हलणारं वजन वाढलं की वूफर मंद होतो, आवाज थोडा बसतो, आणि कारखान्यानं मिडरेंजशी घातलेला मेळ बिघडतो. जी जोडी फोमवर बनली तिला फोमच. माझं हे मत आहे आणि मी ते बदलायला तयार नाही. टिकाऊपणासाठी आवाज गमावायचा असेल तर दुरुस्ती कशासाठी?

चालता चालता एक विचार दरवेळी येतो. चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या जनरल इलेक्ट्रिकमधल्या दोघा इंजिनिअरांनी १९२५ साली हलत्या कॉइलचा स्पीकर मांडला. कॉइल, मॅग्नेट, कोन, कडेचा लवचिक आधार. शंभर वर्षांत सामग्री बदलली, रचना तीच राहिली. म्हणूनच बुधवार पेठेतला माणूस कुवेतहून आलेली जपानी जोडी कुठल्याही सर्किट डायग्रामशिवाय उघडू शकतो.

साडेतीन

गर्दीची वेळ. एक गृहस्थ ५.१चा होम थिएटर सेट घेऊन आले. सबवूफरच्या पोटातला अ‍ॅम्प बोर्ड जळलेला, त्यावरचा आयसी आता बनत नाही, आणि बाकी पाच स्पीकर पातळ प्लास्टिकच्या डब्यातले. दुरुस्त करू नका म्हणून सांगितलं. ते थोडे नाराज झाले. पण दुसऱ्याचा बोर्ड आत कोंबून दोन महिने वाजेल असं काहीतरी करून द्यायला मला जमत नाही.

नारायण पेठेतले एक आजोबा व्हॉल्व्हच्या रेडिओचा स्पीकर घेऊन आले. कोनला बोटभर चीर. मॅग्नेट लहान, उभट: अल्निको, ज्यात कोबाल्ट लागतो. सत्तरच्या दशकाच्या शेवटी तेव्हाच्या झाईरमधून येणारा कोबाल्ट आटला, अल्निको महागलं आणि बहुतेक कारखाने फेराइटच्या चपट्या मॅग्नेटकडे वळले. त्याआधीचा हा. "आजोबा, याचा मॅग्नेट कुणालाही खोलू देऊ नका," म्हटलं. अल्निको एकदा खोललं की त्याची ताकद उतरते आणि पुन्हा चुंबकित केल्याशिवाय परत येत नाही. चिरेला मागून टिश्यू पेपरचा तुकडा पातळ सोल्यूशननं लावून दिला. नवीन कोन बसवला असता तर रेडिओचा तो आवाजच गेला असता.

भाच्याकडे मंडळाचा एक मुलगा "आणखी जास्त वॅटची कॉइल भरा" म्हणून हट्ट धरून बसला होता. त्याला समजावलं की कॉइल जास्त वॅटनं जळते तशीच लहान अ‍ॅम्प पूर्ण ताणल्यावरही जळते. अ‍ॅम्पचा श्वास संपला की तो आवाजाची टोकं कापून सपाट करतो, सरासरी ताकद वाढते आणि कॉइल तापत राहते. कॉइल तीच ठेव, अ‍ॅम्प मोठा घे आणि अर्ध्यावर चालव. पटलं की नाही माहीत नाही, पण ऐकून घेतलं.

साडेपाच

हिशेब मांडायला बसलो. मी कोणतीही जोडी दुरुस्त करायची की नाही हे ठरवताना सर्वांत आधी बघतो ते जे पुन्हा मिळणार नाही ते शाबूत आहे का. मॅग्नेट, कॉइल, कोन, खोकं. या जोडीत चारही आहेत. गेलंय ते फोम आणि कंडेन्सर, म्हणजे जे जाणारच होतं ते. याआधी कुणी हात घातलेला नाही, हेही मोठं. घरच्या घरी अराल्डाइट ओतलेला स्पीकर आला की माझे हात बांधले जातात.

मग पैसे. त्याच तोडीच्या नव्या जोडीच्या एक तृतीयांशाच्या वर खर्च जात असेल तर मी गिऱ्हाइकाला थांबवतो. इथे दोन्ही बाजूंचे फोम, दोन्ही बाजूंचे कंडेन्सर, तळाची डागडुजी आणि खाली रबरी पाय, सगळं मिळून साडेचार हजार. १० इंची वूफरची नवी थ्री-वे जोडी या पैशात स्वप्नातही येत नाही.

आणि तिसरी गोष्ट, जी मीटरवर येत नाही: कशासाठी हवीये. नुसत्या बातम्या आणि मालिका ऐकायच्या असत्या तर मी ताईंना साउंडबारच घ्या म्हटलं असतं.

साडेसहा

ताई आल्या, बरोबर मुलगा. मी डावा वूफर त्यांच्यासमोर ठेवला, फोम काढलेला, आणि भाच्याला कोन दाबायला सांगितला. "बघा, आता घासत नाही. फोम एका बाजूनं ओढत होता, तेवढंच." ट्वीटरच्या कंडेन्सरचा आकडा मीटरवर दाखवला. तळाचा फुगवटा दाखवला.

मुलगा म्हणाला, "साडेचार हजारांत चांगला ब्लूटूथ स्पीकर येतो. आईला वापरायलाही सोपा."

त्याचं म्हणणं काळजीपोटी होतं, म्हणून उत्तरही नीट दिलं. ताईंच्या तंबोऱ्याची एक फाइल मी आधी टेबलावरच्या छोट्या स्पीकरवर लावली, मग त्यांच्याच उजव्या खोक्यावर. लहान स्पीकर १०४ हर्ट्झचा मूळ स्वर जवळजवळ देतच नाही. वरचे स्वर ऐकून आपला कान खर्ज आहे असं धरून चालतो. ऐकणाऱ्याचं त्यात फार बिघडत नाही. पण समोर बसून षड्ज लावायला शिकणाऱ्या मुलीला तो खर्ज खराखुरा ऐकू यायला हवा.

ताई काही बोलल्या नाहीत. मुलगा दोन्ही वेळा लक्ष देऊन ऐकत होता. मग त्यानंच विचारलं, "किती वर्षं चालतील?"

"फोम दहा-पंधरा वर्षं, खिडकीचं ऊन सरळ पडू दिलं नाही तर. मग पुन्हा बदलायचा. कंडेन्सर त्याहून जास्त. बाकीचं आत्तापर्यंत चाललंय तसंच चालेल."

"उजवा तसा वाजतोय, मग त्याचंही कशाला करायचं?"

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. एका बाजूला नवा, घट्ट फोम आणि दुसऱ्या बाजूला जुना, सैल. एकीकडे ताजा कंडेन्सर आणि दुसरीकडे उतरलेला. अशी जोडी वाजते, पण गाणारा मधोमध बसत नाही, एका बाजूला सरकतो. स्टीरिओत समोर माणूस उभा राहतो तो दोन्ही बाजू सारख्या असल्या तरच. शिवाय उजवा फोमही आज ना उद्या सुटणारच, आणि सुटला की तोही कॉइल ओढणार.

"करा दोन्ही," ताई म्हणाल्या. आगाऊ रक्कम द्यायला लागल्या, मी घेतली नाही. वाजवून दाखवल्यावर द्या म्हटलं.

रात्री आठ

उजव्या वूफरचा फोम काढून ठेवला, उद्या सकाळी रिंग चिकटवायला. चिकटवल्यावर पूर्ण एक दिवस हात लावायचा नाही. स्पायडर थोडा बसलेला वाटतो, म्हणून दोन्ही वूफर अर्धा फेरा फिरवून बसवणार. इतकी वर्षं जी बाजू खाली होती ती वर जाईल. दीड व्होल्टचा सेल लावून दोन्ही कोन एकाच दिशेला पुढे येतात का तेही बघून घ्यायचं. चिठ्ठीवर हे सगळं लिहून खोक्याला चिकटवलं.

वाचणाऱ्याच्या घरी अशी जोडी असेल तर एवढं करा. जाळी काढून वूफरच्या कडेला बोट लावा. फोमचा चुरा होत असेल तर तो स्पीकर वाजवणं आजच थांबवा. फोम स्वस्तात बदलता येतो, घासून खराब झालेली कॉइल तशी मिळत नाही. घरी काही चिकटवू नका. आणि तुमच्या गावातल्या ज्या कुणा मेकॅनिककडे जाल, त्याच्याकडे बिघडलेला एकच नको, दोन्ही स्पीकर घेऊन जा.